मागचं डावं चाक

गाडी विकायचं ठरलं आणि टायरांचा विषय निघाला. गाड्यांचा एजंट चारी बाजूंनी फिरून म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे, पण टायर पार गुळगुळीत झालेत. असे टायर बघून गिऱ्हाईक पाठ फिरवतं. चार स्वस्तातले टाका, मग बोलू."

विकायचं बायकोच्याच मनात होतं. तिचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर, माझं मोटरसायकलवर भागतं. "दोघांना चार दारं कशाला?" एवढंच ती म्हणाली आणि कपाटातल्या घड्या नीट करत राहिली. मी हो म्हटलं.

मी वजनकाट्यावर काम करतो. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागून आमचं आवार आहे. एक काटा ट्रकांचा, एक छोटा टेम्पोंचा. छोटा काटा किलोपर्यंत अचूक दाखवतो. भरलेली गाडी तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी करून पावती द्यायची. सतरा वर्षं हेच करतोय. त्यामुळे कोणाच्या सांगण्यावर मी पटकन विश्वास ठेवत नाही, आणि साधी सुई घ्यायची तरी तीन दुकानं हिंडतो.

टायरांसाठीही हिंडलो. पहिल्या दुकानात जुन्यांवरच नवं रबर चढवलेले टायर होते. लांबून झकास, जवळून कडेला बारीक भेग. दुसऱ्या ठिकाणी कोणत्या तरी न ऐकलेल्या कारखान्याचे होते, इतके स्वस्त की विकणाराच माझ्या नजरेला नजर देईना. तिसरं दुकान मास्तरांचं. या माणसाने शाळेत कधी शिकवलं नाही, पण गिऱ्हाईकाला शिकवल्याशिवाय सोडत नाही, म्हणून मास्तर.

त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि एकेक चाक हाताने फिरवून पाहिलं. दुकानात रबराचा गरम, कडवट वास भरून राहिला होता. मागच्या डाव्या चाकाशी ते बराच वेळ उकिडवे बसले. खाचांत मोजपट्टी घातली, काढली, पुन्हा घातली.

"मागे डावीकडे कोण बसतं?"

"कोणी नाही."

"तसं कसं? तीन टायर सारखे झिजलेत. याची तार दिसायला लागलीय. आणि स्प्रिंगही त्याच बाजूला दबलीय."

"मागे आम्ही पिशवीसुद्धा ठेवत नाही, मास्तर. दोघंही पुढेच बसतो."

"मग मला कशाला सांगता? टायरला सांगा," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

कोपऱ्यात चार कोरे टायर कागदात गुंडाळलेले दिसले. ते स्वस्तात मिळतील का, म्हणून मी विचारलं. मास्तरांनी मान हलवली. "गोदामात आठ वर्षं पडून होते. ते मी कोणालाच देणार नाही."

"वापरलेच नाहीत ना पण?"

"न वापरताही वय वाढतंच की."

मी विचार करून सांगतो म्हटलं आणि निघालो.

आठ वर्षांपूर्वी ही गाडी आम्ही दवाखान्यातून बाळाला घरी आणायला म्हणून घेतली होती. बाळंतपणाच्या तारखेच्या दोन आठवडे आधी घेतली. मुलगी झाली. ती रडली नाही. दोन किलो नऊशे ग्रॅम, असं कार्डावर लिहिलं होतं. आकडे मी विसरत नाही. परत येताना बायको मागे डावीकडे बसली होती, मांडीवर घडी न मोडलेलं पांघरूण घेऊन. त्यानंतर ती कधी मागे बसली नाही. त्या विषयावर आम्ही बोलतही नाही. बोललं नाही म्हणजे जखम बुजली असं नाही, पण दिवस निघतात.

पुढच्या शनिवारी दुपारी काट्यावर गर्दी नव्हती. मी गाडी छोट्या काट्यावर घेतली आणि स्वतः काट्याबाहेर आलो. स्प्रिंग दबलीय म्हणजे सीटखाली काही तरी जड राहिलं असणार, एवढाच माझा हिशोब होता. शेजारच्या पंपावर टाकी पूर्ण भरून आणली होती. कागदपत्रातलं रिकाम्या गाडीचं वजन अधिक टाकीभर पेट्रोल, म्हणजे नऊशे पंचाण्णव यायला हवं होतं.

एक हजार सोळा आलं.

मी डिकी उघडली. कागदातल्या वजनात धरलेली स्टेपनी आणि जॅक सोडून आत काही नव्हतं. पायपुसणी झटकली. डॅशबोर्डच्या खणातल्या जुन्या पावत्यासुद्धा काढल्या. आकडा हलला नाही. मग काट्यावरच शंका आली. गाडी खाली घेऊन तपासणीची लोखंडी वजनं ठेवली. काटा बरोबर होता. गाडी पुन्हा चढवली. एक हजार सोळा. एकवीस किलो जास्त.

सीटखाली पाहायला म्हणून मी दारं उघडायला लागलो. पुढची दोन्ही उघडली. मागचं उजवं उघडलं. आत उन्हाने तापलेल्या कापडाचा वास होता, बाकी काही नाही.

मग मागचं डावं दार उघडलं.

सीटचा फोम हळूहळू वर आला. कोणी उठून गेल्यावर येतो तसा.

मी मागे सरून काट्यावरून उतरलो आणि आकड्याकडे पाहिलं. नऊशे पंचाण्णव.

डोकं सवयीप्रमाणे चालत होतं. काटा गाडीपेक्षा मोठा आहे. गाडीतून उतरून कोणी काट्यावर उभं राहिलं, तरी आकडा तोच राहतो. तो कमी झाला याचा अर्थ, जे होतं ते काट्यावरूनही उतरून गेलं होतं.

समोर आवार मोकळं होतं. ऊन, धूळ, तेलाचे काळे डाग. फाटकातून एक ट्रक रिव्हर्समध्ये आत येत होता.

मी धावलो. दोन्ही हात वर करून ओरडलो, "थांब! थांब म्हणतो ना!"

ब्रेक करकरले. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं, साहेब? मागे कोण आहे?"

मी ट्रकच्या मागे वाकून पाहिलं.

"कोणी दिसत नाही मला," तो म्हणाला.

"दोन मिनिटं थांब. गाडी हलवू नकोस."

मी परत आलो. काट्याबाहेरच, मागच्या डाव्या दारासमोर उभा राहिलो. आवार रिकामं होतं, आणि त्या रिकाम्या आवाराला मी आठ वर्षांत कधी न वापरलेल्या आवाजात म्हणालो, "चल, आत बस. इथे गाड्या येतात."

काही झालं नाही.

"चल, बाळा."

आकडा हलला. एक हजार सोळा.

मी दार लावलं. बोटं मध्ये नाहीत ना, ते बघून, हळूच.

घरी आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. मी समोर बसलो आणि घडलं तसं सगळं सांगितलं, एक शब्द न वाढवता. तिने मला वेड्यात काढलं असतं तर बरं वाटलं असतं. तिचे हात थांबले होते.

"किती म्हणालास?"

"एकवीस किलो."

ती मनात काही तरी मोजत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "आठ वर्षांच्या मानाने कमीच आहे रे. नीट खात नसेल."

त्या संध्याकाळी मी एजंटला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

सोमवारी आम्ही दोघं मास्तरांकडे गेलो. आता टायर बायको निवडत होती. ओल्या रस्त्यावर कोणते घसरत नाहीत? ब्रेक लावल्यावर गाडी किती फुटांत थांबते? आवाज कोणत्याचा कमी येतो? मास्तरांना अशी विद्यार्थिनी जन्मात भेटली नसावी. ते खुलून सांगत होते. सगळ्यांत स्वस्त तिने दूर सारले, महागड्यांच्या वाटेला गेली नाही, मधले खोल खाचांचे पसंत केले.

"नेहमी कितीजण बसणार?" मास्तरांनी विचारलं.

"तिघं," ती म्हणाली.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून ते नट खोलायला लागले.

येताना ती मागे बसली, उजवीकडे. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. खिडकीबाहेरच्या गोष्टी ती हळू आवाजात सांगत होती. हा पूल. ही शाळा. इथे तुझ्या बाबांची मोटरसायकल बंद पडली होती. ती मध्येच हसली. ते हसू मी विसरलो होतो. पुढचा सिग्नल मला धूसर दिसला.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आम्ही काट्यावर येतो. टाकी भरून. मी केबिनमध्ये असतो. आधी दोघी बसलेल्या असताना पावती काढतो, मग बायको उतरून काट्याबाहेर येते आणि मी दुसरी काढतो. नव्या टायरांचे दोन किलो वाढले होते, ते मी गाडीत धरले. पहिल्या महिन्यात बायको अठ्ठावन्न, ती एकवीस.

दुसऱ्या महिन्यात ती बावीस भरली. मग तेवीस. बायको काचेतून भुवया उंचावून विचारायची आणि मी बोटांनी दाखवायचो. चोवीसला तिने टाळी वाजवली. परतताना आम्ही मुद्दाम लांबच्या रस्त्याने, तळ्याच्या कडेने जायचो. इतके चांगले दिवस आम्ही लग्नानंतरही पाहिले नव्हते, हे मी खरं सांगतो.

बायको हल्ली पोटभर जेवते, माझ्यापेक्षा एक घास जास्तच. तरी तिची अंगठी बोटातून गळायला लागली, तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. डॉक्टर म्हणाले, "उत्तम प्रकृती आहे. मन प्रसन्न दिसतंय."

या महिन्यात आम्ही आठव्यांदा काट्यावर आलो. बायको उतरल्यावर मी दुसरी पावती काढली. अठ्ठावीस किलो.

का कोण जाणे, मी खणातून मागच्या सातही महिन्यांच्या पावत्या काढल्या आणि टेबलावर ओळीने लावल्या. बायको उतरल्यानंतरच्या पावतीवर दर महिन्याला एक किलो वाढत गेला होता. दोघी बसलेल्या असतानाची पावती मात्र आठही वेळा एकच होती. एक हजार शहात्तर. एक किलो इकडे नाही, एक किलो तिकडे नाही.

मी बायकोला केबिनमध्ये बोलावलं. पावत्या दाखवल्या. तिने पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत बोट फिरवलं. मनगट एवढंसं दिसत होतं.

"बघ ना," मी म्हणालो. "एकूण तेवढंच आहे."

"मग बिघडलं कुठे?" ती म्हणाली. "घरातलं घरातच राहिलं की."

"आता तिचं वजन वयाप्रमाणे झालंय. आता पुरे."

तिने माझ्या दंडावर हात ठेवला. हाताचं वजन जाणवलं नाही.

"पुरे काय?" ती हसून म्हणाली. "अजून वाढायचं वय आहे तिचं."

आणि ती लगबगीने गाडीकडे गेली. मागचं उजवं दार उघडून आत बसली, डावीकडे थोडी सरकली आणि दंड बाजूला करून तिथे कोणाला तरी जागा करून दिली.