दिवस बंद करायचा?

गोष्ट दोन हजार तीनच्या चैत्रातली. स्टँडवर ठरवलेल्या टेम्पोत बसून मंदा दुपारी एमआयडीसीतल्या लालमियाँच्या भंगारात आली, ती एक जुनं टर्मिनल न्यायला. बियाण्यांची कंपनी बंद पडली तेव्हा काचेच्या थंड खोलीतला मोठा संगणक नि त्याला जोडलेली ही पडद्यांची यंत्रं भंगारात गेली होती. तिचे बाबा अशाच एका पडद्यासमोर चौदा वर्षं बसले. तो शोधता शोधता तिच्या घरात अकरा पडदे जमले होते. बाबांचा त्यांत नव्हता.

“बेटी, जल्दी बघ. चारला हा माल भट्टीवर जाती,” लालमियाँ म्हणाले. “आन् अकरा डबे घरी ठेवून काय करून राह्यली? टाकीज काढती का?”

मंदा कसंनुसं हसली. पत्रा वाजला तरी तिचा जीव उडत होता.

ढिगाच्या तळाशी, धुळीत, एका बटणावर लाल टिकली दिसली... आणि तिनं वरचे डबे भराभर बाजूला सारले.

शाळा सुटली की ती कंपनीत जायची. बाबा काम आटोपून, पडद्यावर दिवसाचा हिशेब मिटवायचा शेवटचा प्रश्न ठेवून तिची वाट बघत बसलेले असायचे : दिवस बंद करायचा? “दाब बाई, मंग घरी जाऊ.” बटण चुकू नये म्हणून तिनंच आईची टिकली त्यावर चिकटवली होती. पुढं ती औरंगाबादला कॉलेजात गेली. एका दुपारी बाबांचा फोन आला, “आज येती का?” ती म्हणाली, “उद्या येते.” संध्याकाळी बाबा पडद्यासमोरच्या खुर्चीतच वारले. प्रश्न पडद्यावर तसाच होता.

तिनं ओढणीनं काच पुसली. वर्षानुवर्षं तासन्‌तास थांबलेला तो प्रश्न काचेत भाजून राहिला होता; उन्हात पुसट वाचता येत होता. त्यासाठीच ती आली होती. बाबांनी तिची पाहिलेली वाट, तेवढीच या जगात उरली होती.

गंजाच्या वासात मधेच बडीशेपेचा वास आला. बाबांच्या खिशातला. प्रश्नापुढं एक हिरवा ठिपका लुकलुकला. विझला... पुन्हा लुकलुकला.

“चाचा... याला वीज कुठून...?”

“वीज? वायर तर मी कालच कापली, बेटी.”

तिचं बोट टिकलीवर कधी गेलं, तिला कळलंच नाही. बटण खाली गेलं. काच कोरी झाली.

भाजलेली अक्षरं कधी जात नाहीत, हे तिला अकरा पडद्यांनी शिकवलं होतं. ही गेली. तिनं काच उन्हात धरली, तिरपी धरली. काही नाही. मग ती त्या गंजक्या ढिगापाशी लहान पोरीसारखी रडली.

टेम्पोवाल्या मच्छिंद्रनं टर्मिनल मागं दोरीनं आवळलं. तिची त्याची ओळख आजचीच, तीही भाड्यापुरती. केबिनचं दार उघडून तो अदबीनं बाजूला झाला.

“ताई, पुढं एकाचीच जागा हाय,” तो तिच्या खांद्यामागं बघत हळूच म्हणाला. “बाबांना बसू द्या. मागं लई धक्के बसतेत.”