आतून आलेला ठोका

बसा. खुर्ची तापलेली असेल, वर गोणपाट टाका. मे महिन्यात अकोल्याला धंदा शिकायला येणारा माणूस एक तर वेडा असतो नाही तर माझ्यासारखा हट्टी, आणि तुम्ही अमरावतीहून मोटारसायकलवर आलात म्हणजे दोन्ही असाल. चहा येईपर्यंत एक गोष्ट सांगते. ती ऐकल्याशिवाय मी कुणाला डब्यात शिरू देत नाही.

हे समोर उभे आहेत ते जहाजावरचे कंटेनर. आम्ही डबेच म्हणतो. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर, मग हे काळ्या मातीत आले कुठून? कुणी सोलरच्या कामाची यंत्रं घेऊन आला, कुणी अकोटच्या जिनिंगचं सामान. सामान उतरलं आणि डबे तिथेच पडले. मी ते विकत घेते, गंज खरवडते, ठिगळं जोडते, रंगवते आणि पुन्हा समुद्रावर पाठवते. रिकामेच. तिकडे आफ्रिकेत, मोंबासाला लोक त्यात दुकानं थाटतात.

सुरुवातीला माझे चुलतसासरे पंजाबराव चारचौघांत म्हणायचे, "आपल्या मोर्णा नदीले पानी नाही अन् आमची रागिणी जहाजाच्या गोष्टी करून राहिली." लोक हसायचे. मीही हसायचे, पण आतून जळायचे.

पहिला सौदा दहा डब्यांचा होता. दहाच्या दहा पास झाले तरच उचलणार, एक जरी कमी पडला तरी सगळा सौदा मोडला, असं गिऱ्हाइकानं बजावलं होतं. तो मोडला असता तर ह्या यार्डाला मी स्वतःच कुलूप लावलं असतं. बंदराकडून तपासणीवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. नऊ डबे तयार होते. दहाव्याचा अंधार पाहायचा राहिला होता.

अंधार पाहणं हा आमचा शब्द. एकानं हातोडा घेऊन आत जायचं, दुसऱ्यानं बाहेरून दारं लावून दांडे आडवे करायचे. ह्या दारांना आतून कडी नसते. आत मिट्ट काळोख होतो. डोळे सरावेपर्यंत उभं राहायचं आणि भिंतींवर, छतावर नजर फिरवायची. कुठे टाचणीएवढा जरी उजेड दिसला, तरी तिथून पाणी शिरणार. तिथे खडूची खूण करायची. काम झालं की हातोड्यानं भिंतीवर ठोका द्यायचा, मग बाहेरचा दार उघडतो. आत नेहमी मी, बाहेर नेहमी देवमनभाऊ. ते आमचे वेल्डर, माझ्या वडिलांच्या वयाचे.

दहावा डबा वरूडचा. संत्र्याच्या एका शेडमागे दारं लावून कित्येक वर्षं पडून होता. आणला तेव्हापासून तो गार होता. बाकीच्या पत्र्यांवर हात ठेववत नव्हता आणि ह्याची भिंत माठासारखी गार. आत संत्र्याचा वास नव्हता, गंजाचाही नव्हता. ओल्या दोरखंडाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता. पोरं म्हणाली, बरं झालं, जेवायला सावली झाली. पण तिथे बसून कुणी जेवणाचा डबा उघडला नाही.

दुपारी मी आत गेले. दारं लागली, दांडे पडले. काळोख. मी डोळे सरावायची वाट पाहत उभी होते. हातोडा खाली, पायाशी धरलेला.

...ठण्.

लगेच दांडे हलले आणि दार उघडलं. ऊन एकदम डोळ्यांत आलं.

"इतक्या लवकर झालं काय, ताई?" देवमनभाऊ म्हणाले.

"तुमी कावून उघडलं?"

"तुमी ठोकलं ना..."

"मी नाही ठोकलं."

ते माझ्या हातातल्या हातोड्याकडे बघत राहिले. मग माझ्या मागे, आत बघायला लागले. हळूच म्हणाले, "हा डबा राहू द्या. मले याचं लक्षण बरं दिसून नाही राहिलं."

"नऊ डब्यायवर सौदा होत नाही, भाऊ. लावा दार."

भीती वाटली नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण पंजाबरावांचं हसणं त्या भीतीपेक्षा जवळचं होतं.

दार पुन्हा लागलं. ह्या वेळी डोळे सरावले. छत पाहिलं, भिंती पाहिल्या, कुठेच उजेड नव्हता. डबा पक्का होता. मी हातोडा उचलला आणि बाहेर वावधन सुटलं. मे महिन्यात येतं तसं, एका क्षणात. पत्रे उडायला लागले. देवमनभाऊ ओरडल्याचं ऐकू आलं, "सिलिंडर... गॅसचे सिलिंडर पडतेत..." आणि त्यांची पावलं लांब गेली. मी दचकले, हातोडा सुटला आणि काळोखात कुठेतरी घरंगळत गेला.

मी मुठींनी भिंत बडवली. त्या वादळात मुठीचा आवाज मलाच येत नव्हता. खाऱ्या पाण्याचा वास वाढला. श्वास लागायला लागला... आणि मला कळलं की धापा टाकणारी मी एकटी नाही.

ठण्. लोखंडावर लोखंड. माझा हातोडा.

आवाज खालून आला, जमिनीपासून हातभर. कुणीतरी बसून ठोकत होतं. आणि मला एकदम उमगलं की बसायच्या आधी ते उभं राहून ठोकत असणार, फार वेळ, आणि कुणी आलं नसणार. भीती होतीच, पण तिच्याहून मोठी कणव आली.

"ठोक बाबा," मी म्हटलं. "मीही आतच हाय. दोघं मिळून ठोकू... त्यायले आयकू गेलं पायजे."

मी पायातली चप्पल काढून टाचेनं भिंत बडवायला लागले. तो हातोड्यानं. मी थकले की तो ठोकायचा. तो मंदावला की मी ओरडायचे, "थांबू नको." सगळा डबा देवळातल्या घंटेसारखा घुमायला लागला. अशी मी जन्मात कशासाठी झुंजले नव्हते. आणि त्या वादळावर आमचा आवाज चढला.

दांडे हलले. देवमनभाऊंच्या तोंडावर धूळ होती. म्हणाले, "दोन हातोडे वाजत होते, ताई..."

मी बाहेर पडले, पण दार हातानं धरून ठेवलं. आत वाकून म्हटलं, "उघडं हाय. ये बाहेर." माझ्या पिंडऱ्यांना काहीतरी गार घासून गेलं. मग डब्यातून तव्यासारखी धग आली. हातोडा पार टोकाच्या कोपऱ्यात पडला होता.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाला श्रेयस आत उभा राहिला, बाहेर आला आणि म्हणाला, "असा अंधार मी बंदरावरही पाहिला नाही." दहाच्या दहा पास. ट्रेलर निघाले तेव्हा मी डफडे लावले, गुलाल उधळला. पंजाबरावांनी स्वतः पहिल्या ट्रेलरपुढे नारळ फोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरीनं समुद्र आनला अकोल्यात." मी ढसाढसा रडले. आजवर माझा एकही डबा बंदरावरून परत आलेला नाही.

कसा येईल? त्या आतल्याला मी बाहेर ये म्हटलं, पण कुठे जा ते सांगितलंच नाही. वरूडचा डबा मोंबासाला पोचला, तो मात्र इथेच राहिला. पुढच्या खेपेला मी नव्या डब्यात उभी राहिले आणि हातोडा उचलायच्या आधीच ठोका आला. डबा पक्का असला की येतो. भोक असलं की येत नाही. देवमनभाऊ आता विचारत नाहीत, सरळ उघडतात.

फक्त एक आहे. आधी तो खालून यायचा, हातभर उंचीवरून. दिवाळीत माझ्या कमरेशी आला. संक्रांतीला खांद्याशी. उठून उभा राहतोय म्हणून मला बरंच वाटलं. काल मात्र ठोका छताजवळ आला. तिथे माझा हात पोचत नाही.

चहा घेतलात ना? चला, आज आत तुम्ही शिरा, दार लावायला देवमनभाऊ आहेत. हा हातोडा घ्या हातात. वाजवायची गरज पडणार नाही.