घाट, गुडघा आणि तीन फणस

शेवटी आबांचा गुडघा टिकला आणि आम्ही दोघं सायकलवरून अख्खा डोंगर फिरून सुखरूप घरी आलो.

हे वाक्य तुम्ही वाचलं असेल, तर कृपया विसरून जा. असं अजून काहीही घडलेलं नाही. आम्ही अजून घरीच आहोत, सायकली पडवीत आहेत आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला आहे.

मी शाल्मली, इयत्ता सहावी. आबा म्हणजे माझे आजोबा, निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ (वस्तू का हलतात, का पडतात, याचा आयुष्यभर विचार करणारा आणि स्वतःचा चष्मा मात्र रोज पाडणारा माणूस). जूनमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्यात प्रयोगशाळेत वाढवलेली नवी कूर्चा (हाडांच्या मधली मऊ गादी) बसवायची होती. त्यानंतर वर्षभर सायकल बंद. त्याआधी जुन्या गुडघ्यावर एक सफर करायची, असं आबांनी ठरवलं होतं, आणि तीही माझ्याबरोबर. हे वचन त्यांनी मला दुसरीत असताना दिलं होतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात काहीतरी आडवं आलं होतं.

या उन्हाळ्यात आडवा आला तो ठोकळे. ठोकळे हा डॉक्टरांनी आबांच्या गुडघ्यावर लक्ष ठेवायला पाठवलेला यंत्रमानव. दिसतो खोक्यासारखा, म्हणून आईनं त्याला हे आडनाव दिलं. आबांच्या गुडघ्याला एक पट्टी चिकटवलेली होती. गुडघा निवांत असेल तर ती हिरवी, थकला तर पिवळी, दुखावला तर लाल. ठोकळे हो म्हणाला तरच जायचं, अशी आईची अट होती.

आमचं गाव कातळी, नदीकाठी. नदीच्याच काठाने सपाट रस्त्यानं गेलं की पाणदरे लागतं. तिथे आबांची मोठी बहीण राहते, आक्काआजी. या दोन्ही गावांच्या डोक्यावर उंबरमाथा आहे. तिथे आबांचे जुने विद्यार्थी वामनकाका मधमाश्या पाळतात. दोन्हीकडून वर जायला घाट आहे. म्हणजे कातळी, पाणदरे, उंबरमाथा आणि परत कातळी, असा गोल फेरा. आक्काआजी सगळ्यांत मोठी, तेव्हा पहिला मान तिचा. यावर आमच्या घरात चर्चा होत नाही.

मी ठोकळेला समजावून सांगितलं की निघायचं कातळीहून आणि पोचायचंही कातळीला. दोन्हींची उंची एकच. म्हणजे एकूण चढ शून्य, गुडघ्याला काही कामच नाही. ठोकळेनं यावर एक दिवा लावला आणि विझवला. हा त्याचा हसण्याचा प्रकार आहे.

आबांनी मला नकाशावरच्या समोच्चरेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) दाखवल्या. चढताना आपण जितक्या रेषा ओलांडू, तितकं काम पायांना करावं लागतं. उतरताना त्याच रेषा परत ओलांडल्या, म्हणून पायांना ते काम परत मिळत नाही. तेव्हा बेरीज करायची ती फक्त चढांची. आणि काम किती, हे दोन गोष्टींवर ठरतं: वजन किती आणि ते किती उंच न्यायचं. वजन दुप्पट, तर काम दुप्पट.

मग गिअर कशाला, असं मी विचारलं. आबा म्हणाले, लाडू एका घासात खा नाहीतर दहा घासांत, लाडू तेवढाच. हलका गिअर म्हणजे छोटे घास. दर फेरीला जोर कमी लागतो, पण पायडल जास्त वेळा मारावं लागतं. जुन्या गुडघ्याला मोठा घास चाववत नाही, एवढंच.

ठोकळेनं सगळं मोजलं. घाट दोन दिवसांत चढायचा, मधल्या गावच्या शाळेत झोपायचं, गिअर हलका ठेवायचा. पट्टी पिवळी होईल, लाल होणार नाही. परवानगी मिळाली. मी पडवीत जाऊन दोन्ही सायकलींची हवा तपासली. ती भरलेलीच होती, तरी तपासली.

मग ठोकळेनं अंथरुणांची सोय विचारायला आक्काआजीला फोन लावला, आणि तिनं सहज सांगितलं की दोन फणस काढून ठेवलेत, जाताना न्यायचे.

आक्काआजीचा एक फणस साधारण दहा किलोचा असतो. तिच्या घरून रिकाम्या हाताने कोणी जात नाही. आबांच्या एका मेहुण्यांनी एकदा फणस नको म्हटलं होतं. त्याला बरीच वर्षं झाली, पण पाणदऱ्यात त्यांची ओळख अजून तशीच करून देतात. ड्रोननं पाठवायचीही सोय नाही. ड्रोनच्या नियमांत फणस 'काटेरी व अनियमित वस्तू' या वर्गात येतो, शेजारी साळिंदर आहे.

आबा आणि सायकल मिळून पंचाहत्तर किलो. त्यात वीस किलो फणस. काम पावपटीहून जास्त वाढलं. ठोकळेनं पुन्हा मोजलं आणि गुडघ्याचा होणारा रंग दाखवणारी त्याच्या पोटावरची पट्टी लाल झाली. परवानगी रद्द.

ठोकळेनं सायकलला मोटार लावायचं सुचवलं.

"मग मी सामान झालो," आबा म्हणाले.

मग ठोकळेनं स्वतःच आक्काआजीला फोन करून फणस न देण्याची विनंती केली. गुडघा, कूर्चा, वजन गुणिले उंची, सगळं व्यवस्थित सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तू कोणाकडचा रे?" तिनं विचारलं. "आबाकडचा? बरं. तुझ्यासाठी वेगळा काढते."

फणस तीन झाले.

आबांनी नकाशाची घडी घालायला घेतली. चेहरा शांतच होता, पण घडी तीनदा चुकली. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणाले. हे वाक्य मी दुसरीपासून ऐकत होते. मी नकाशा त्यांच्या हातातून घेतला आणि फेऱ्यावर बोट फिरवलं. पाणदऱ्याहून फणस घ्यायचे, मग घाट चढायचा, मग उतरायचं. पुन्हा फिरवलं. मग बोट चुकून उलटं फिरलं.

रस्ता तोच होता. फेरा गोल असल्यामुळे चढांची बेरीजही तेवढीच. पण आता आम्ही कातळीहून आधी घाट चढत होतो, आणि तेव्हा फणस अजून आक्काआजीच्या ओसरीवर होते.

"आबा, आक्काआजीला शेवटी ठेवलं तर फणस चढणारच नाहीत. ते नुसते सपाटीवरून येतील."

ठोकळेच्या पोटावर हळूहळू पिवळा रंग आला.

राहता राहिला मान. आबांनी स्वतः फोन लावला. "आक्का, आधी आलो तर तुझे फणस डोंगर चढतील. शेवटी आलो तर सरळ घरी येतील. तूच सांग."

पलीकडून फणस थापटल्याचा आवाज आला.

"फणसांना कशाला त्रास," आक्काआजी म्हणाली.

आम्ही निघालो. ठोकळे आबांच्या कॅरिअरवर बसणार होता, पण त्यानं स्वतःचं वजन मोजलं आणि घरी थांबला. चढ हळू होता. इतका हळू, की एक म्हैस आमच्या पुढे गेली आणि तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी उंबरमाथा आला. वामनकाकांनी मधाची एक छोटी बाटली दिली. आमच्या नियोजनात हा सर्वांत समजूतदार माणूस.

उतरताना अर्ध्या घाटात आबा थांबले आणि ब्रेकच्या चकतीवर पाण्याचे चार थेंब टाकले. तापलेल्या तव्यासारखा चर्र आवाज आला. आबांनी सांगितलं, आपण चढताना केलेलं काम स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे वस्तूत साठलेली ऊर्जा) होऊन आपल्यात बसलं होतं. आता ब्रेक दाबले की तीच ऊर्जा उष्णता होते. आपला कालचा घाम इथे तापलाय.

मला वाईट वाटलं. दोन दिवसांची मेहनत अशी चकतीत तापून जावी, हे काही बरं नाही. आबा म्हणाले, म्हणूनच ती वाया न घालवायची युक्ती शोधायची. माथ्यावर एका चाकावरून दोर सोडायचा. एका टोकाला उतरणारे फणस, दुसऱ्या टोकाला चढणारी माणसं. तू मोठी झालीस की बांध. मी नव्या गुडघ्यानं पहिला वर येईन.

पाणदऱ्याला आक्काआजीनं आम्हाला जेवायला वाढून एकेक फणस स्वतः बांधून दिला. आबांकडे दोन, माझ्याकडे ठोकळेचा. नदीकाठच्या सपाट रस्त्यावर ते जड लागले, पण चढले नाहीत. कातळीला पोचल्यावर आबा पायरीवर बसले, विजार वर केली आणि मला गुडघा दाखवला. पिवळा. मग ते बराच वेळ त्यावर हात ठेवून बसले. निरोप घेत होते बहुतेक.

त्याच संध्याकाळी मी पुढील अर्ज पाठवला.

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता, डोंगर विभाग

विषय: रस्त्याचा उतार दोन्ही दिशांना मिळण्याबाबत.

महोदय, गोल फेऱ्यात जितका उतार तितकाच चढ असतो, असे माझ्या आजोबांचे म्हणणे आहे. सदर नियमामुळे वयस्कर गुडघ्यांची गैरसोय होते. तरी पुढील उन्हाळ्यापूर्वी कातळी ते उंबरमाथा हा रस्ता जाताना व येताना, दोन्ही वेळा उतरता करून मिळावा. काम सुरू असताना वाहतूक बंद ठेवल्यास आमची हरकत नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
शाल्मली (इयत्ता सहावी)