धुळीतला जादूगार

व्हँकुव्हरवर मळभ दाटले होते. परंतु खासगी गुप्तहेर इव्हान मॅक्रे यांच्यासमोर बसलेल्या लोरेन कुसिकच्या मुद्रेवर त्याहूनही गडद छाया होती.

अंतराळयानावरील एका दूरचित्रवाणी मालिकेची ती नेपथ्य-सजावटकार. मालिकेचे लेखक वॉरेन थॉर्न प्रत्येक भागात परीकथेतील ऑल्ड्रेन नावाच्या जादूगाराची मातीची चिमुकली मूर्ती स्टुडिओत उभारलेल्या यानात स्वहस्ते लपवीत आणि प्रेक्षक ती शोधीत. अखेरच्या भागाच्या वेळी मूर्ती नाहीशी झाली. त्या दिवशी सायंकाळी स्टुडिओला कुलूप लोरेनने लावले होते. सबब आळ तिच्यावर आला.

"चोर ठरलेल्या बाईला या गावात काम कोण देणार, साहेब?"

मॅक्रे आपला सहकारी गस याच्यासह स्टुडिओत गेले. चित्रीकरण संपेपर्यंत तेथील वस्तूस कोणी हात लावीत नसे. यान ओसाड दिसावे म्हणून लोरेनने त्या दिवशी सकाळी सर्वत्र कृत्रिम धूळ फवारली होती. कप्तानाच्या मेजावरील कॉफीचा मग मॅक्रेंनी उचलला. खाली स्वच्छ वर्तुळ उमटले होते. शेजारी धुळीत हाताच्या पंजाचा ठसा होता.

तो आपलाच, असे नट डेनिसने सांगितले; दुपारच्या प्रसंगात त्याने मेजावर हात टेकला होता. त्या पहाटे थॉर्न आपल्या रुग्णशय्येवरील कन्येकडे, ज्युडिथकडे, गेले होते, हेही त्याच्या बोलण्यात आले. ती त्याच रात्री वारली.

थॉर्न काळ्या पोशाखात होते. मूर्ती आपण आदल्या रात्री मगामागे ठेवली आणि सायंकाळी दिवे मालवतानाही तेथेच पाहिली, असे ते म्हणाले.

"बाईच गोत्यात आली," गस पुटपुटला.

"गस, मगाखाली वर्तुळ आहे. मगामागे मूर्तीच्या जागी धूळ सलग कशी?"

"बाईनं चोरून पुन्हा धूळ मारली असेल."

"तसं असतं तर दुपारचा पंजा बुजला नसता का?" मॅक्रे थॉर्न यांच्याकडे वळले. "धूळ पडण्यापूर्वीच मूर्ती गेली होती. ती कुठे असते, हे फक्त तुम्हाला ठाऊक. सायंकाळी पाहिली म्हणता, ते खोटं."

थॉर्न खाली बसले.

"मूर्ती ज्युडिथनंच लहानपणी केलेली. करारानं कंपनीची झाली होती, मागूनही त्यांनी दिली नसती. मुठीत घेऊनच गेली पोर. तशीच पुरली."

"आणि लोरेन?"

"कबूल केलं असतं तर त्यांनी कबर उकरली असती."

"म्हणून जिवंत बाईला पुरलंत."

थॉर्न यांनी कंपनीस दूरध्वनी लावून सारे कबूल केले.

लोरेन कामावर परतली. अखेरच्या दृश्यापूर्वी ती मेजाशी गेली, आणि मूर्तीच्या रिकाम्या जागी धुळीत बोटाने जादूगाराची उंच टोपी रेखाटली. थॉर्न यांनी मान खाली घातली. कॅमेरा सुरू झाला.