आबांची डावी बाजू

इथे सगळ्यांच्या गोष्टींत भुतं रात्री बारानंतर येतात. आमच्याकडे जे आलं ते भर दुपारी आलं, आणि त्याला भूत म्हणायला माझी जीभ वळत नाही. खोटं वाटलं तर वाटू दे. मी तिथे बसले होते.

सुरत. उधना. १९९६चा उन्हाळा.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. माझे वडील काशिनाथ, म्हणजे आबा, कापडाच्या लूमवर कारागीर होते. त्या खडखडाटात त्यांचे कान पार गेले होते. हाक मारून काही उपयोग नसायचा. खांद्याला हात लावला की मग वळायचे.

त्यांनी मला हातात मावणारा, सेलवरचा ब्रिक गेम आणला होता. वरून ठोकळे पडतात, तो. खेळ एकट्याचा, पण आबांना माझ्याहून जास्त नाद! मग आम्ही वाटणी केली. चटईवर खेटून बसायचं, गेम मधे. डावीकडची बटणं आबांची, ठोकळा सरकवायला. उजवीकडचं मोठं बटण माझं, ठोकळा फिरवायला.

बोलायचं काही नाही. फिरवायचा असला की आबा कोपराने ढोसायचे. मी चुकले की डोक्यात टपली.

आठवड्यातून एक दिवस वीज बंद असायची, लूम थांबायचे. तो आमचा दिवस.

त्या मार्चमध्ये आबा रेल्वेचे रूळ ओलांडताना गेले.

मागून लोक ओरडत होते म्हणे. सगळेच ओरडत होते. हात कुणाचा पोचला नाही.

नंतर बरेच दिवस मी गेमला शिवले नाही. मग एकदा वीज बंद होती. माय दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होती. लूम बंद, पंखा बंद. इतकं शांत की मला बसवेना.

मी गेम काढला. चटईवर उजवीकडे बसले.

डावी बटणं मी दाबणारच नव्हते. हट्टच होता तो. ती आबांची होती.

ठोकळे मधोमध पडत राहिले. एकावर एक. ढीग वर येत चालला…

आणि एक ठोकळा डावीकडे सरकला.

माझा डावा हात मांडीखाली होता.

पुढचा आला. तो उजवीकडे गेला, अगदी कडेपर्यंत. तिथे थांबला. वाट बघत असल्यासारखा…

मग माझ्या दंडाला कोपर लागलं.

मी बटण दाबलं. ठोकळा फिरला, बसला, रेघ भरून गेली.

भीती वाटली नाही, खरंच सांगते. मी रडत होते आणि खेळत होते.

माय डिंक घ्यायला आत आली. माझ्याकडे बघितलं. गेमकडे बघितलं.

"डावी बटनं कोन दाबी राहिनं?"

"आबा."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण ती खाली बसली. टिकल्यांच्या चिकट बोटांनी गेम धरला.

"मी फिरावस. दे माले."

मायने तो खेळ कधी हातात धरला नव्हता. तिचं बटण दर वेळी उशिरा दाबलं जायचं. तरी ठोकळे सरकत होते. डावीकडे, उजवीकडे… तिला सांभाळून घेत.

मायचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नातल्या फोटोतसुद्धा ती इतकी खूश नव्हती.

मग तिला राहवेना.

"आवो… एक शबूद बोला ना मनासंगे."

ठोकळा मधेच थांबला.

गेम बंद पडला नव्हता. माय बटण दाबायची, ठोकळा जागच्या जागी फिरायचा. पण खाली येत नव्हता. कितीतरी वेळ.

मायने पुन्हा हाक मारली. मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. शेजारची धुरपदाबाई दारात येऊन उभी राहिली.

ठोकळा सरळ खाली पडला.

त्यानंतरचे सगळे सरळच पडले. ढीग वर टेकला. खेळ संपला.

मायने तो पुन्हा सुरू केला. पुन्हा. पुन्हा. दिवे आल्यावर, लूमचा खडखडाट सुरू झाल्यावर तिने गेम खाली ठेवला.

"त्यास्ले ऐकू येस नही, माले माहित व्हतं," ती म्हणाली. "तरी मी हाकच मारी."

हात लावायला हवा होता हे मलाही कळत होतं. पण लावायचा कुठे?

त्या दिवसापासून मायने कुणालाच लांबून हाक मारली नाही. हातातलं काम टाकून उठायची, जवळ जाऊन खांद्याला हात लावायची. मला, शेजाऱ्यांना, पुढे माझ्या मुलांनाही. आम्ही हसायचो कधी कधी. ती हसायची नाही.

ती जाऊनही आता काही वर्षं झाली. कोण होतं, कसं होतं, मी विचारत नाही. पण तो थांबलेला ठोकळा डोक्यातून जात नाही.

आबांशी कुणी बोललं की ते हातातलं सगळं थांबवून त्याच्या ओठांकडे बघायचे.

माय मात्र तेव्हा खाली गेमकडे बघून बोलत होती…