'फेअरहेवन'चं पितळी चाक

"कलंडली! इला, पळ लवकर, आज कालच्यापेक्षा जास्त कलंडलीये!"

नकुल धक्क्याच्या कठड्याला लोंबकळून ओरडत होता. दहा वर्षांचा हा गडी एरवी खाण्याशिवाय कशासाठीही एवढा घसा ताणत नसे. इलाने डबा तसाच टाकला आणि धूम ठोकली. तिच्यामागून नकुलचा मोठा भाऊ जय खिशात हात घालून सावकाश आला. तो चौदा वर्षांचा, म्हणून आपोआप पुढारी!

समोर खाडीच्या पाण्यात 'फेअरहेवन' उभी होती. शंभर वर्षांहून जुनी, खरीखुरी क्रूझर, म्हणजे युद्धनौका! चार उंच धुराडी, पुढे-मागे लांबलचक तोफा आणि कडेला पत्र्याच्या पेटीवर असाव्यात तशा रिव्हेटच्या खिळ्यांच्या ओळी. लढायाबिढाया कधीच संपल्या होत्या, आता ती म्युझियम झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत धक्क्यावरच्या शेडमध्ये मुलांचा डे-कॅम्प चाले. जय-नकुलची आई, स्वानंदीमावशी, या तिघांना रोज सकाळी पार्सिपनीहून गाडीने आणून सोडायची.

"कलंडणारच," जय म्हणाला. "तळ गंजलाय, खाडीचं पाणी आत शिरतंय. कॅप्टन डॉयल म्हणाले ना, उद्या टगबोट येणार आणि ओढून नेणार. डायरेक्ट स्क्रॅपला."

"स्क्रॅप म्हणू नकोस!" इला एकदम उसळली.

"ओके, ओके! चिल, यार!"

पण इला कसली चिल होतेय! तिचा बाबा मार्चमध्ये मायदेशी, नागपूरला गेला होता. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का मारून घ्यायचा आणि लगेच परत यायचं, इतकं साधं काम. पण शिक्का काही मिळेना. मुलाखतीची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. आई फोनवर बोलताना 'केस', 'स्लॉट', 'स्टेटस' असले शब्द वापरायची आणि इला खोलीत आली की गप्प बसायची. घरात बाबाचा कप होता, चपला होत्या, गॅरेजमध्ये त्याची सायकल होती. बाबा तेवढा नव्हता.

आणि 'फेअरहेवन' म्हणजे तर बाबाचा जीव की प्राण! दर रविवारी तो इथे व्हॉलंटियर म्हणून यायचा, इलाला घेऊन. पितळ घास, गंज खरवड, रंग लाव. घरी परतताना दोघांच्या हातांना ग्रीसचा वास यायचा आणि आई नाक मुरडायची. विमानतळावर तिला मिठी मारून तो म्हणाला होता, "मी येईपर्यंत आपल्या जहाजावर लक्ष ठेव हं!" म्हणून आता कॅम्पला आलं की रोज इला कठड्याच्या त्याच खांबाजवळून जहाजाचा फोटो काढायची आणि त्याला पाठवायची. जहाज भंगारात निघालंय, हे मात्र तिने त्याला सांगितलं नव्हतं. आधीच तिकडे एकटा बसलाय, त्यात हे कसं सांगायचं?

"दाखव ते फोटो," जय एकदम म्हणाला.

तिघं फोनवर वाकले. जहाजाच्या नाकाडावर पांढरे आकडे रंगवलेले होते. पाणी कुठल्या आकड्यापर्यंत पोचलंय त्यावरून जहाज किती बुडलंय ते कळे. ओहोटी येवो की भरती, जहाज तरंगतं, त्यामुळे आकडा बदलायचं कारण नाही. पण तो बदलत होता!

"हे बघ," इला फोटो सरकवत म्हणाली. "रविवारी जास्त बुडालेली. सोमवारी पुन्हा वर आलीये. मंगळवारीही ठीक. बुधवारी परत बुडायला लागली!"

"सोमवार-मंगळवार म्युझियम बंद असतं," जय पुटपुटला.

"म्हणजे तळाचं भोक सोमवारी सुट्टी घेतं?" नकुल म्हणाला आणि स्वतःच फिदीफिदी हसला.

पण बाकी दोघं हसले नाहीत. त्यांनी कान टवकारले होते.

कॅप्टन डॉयल म्युझियमचे प्रमुख. नेव्हीतून रिटायर झालेले, झुपकेदार मिशांचे आणि भलतेच घाईतले. मुलांनी फोटो पुढे केले तर त्यांनी धड पाहिलेही नाहीत. "किड्स, पंप चालू असतो, त्यामुळे कमी-जास्त होतं. म्हातारं जहाज आहे. जा, खेळा!" एवढं बोलून ते पर्यटकांकडे वळलेसुद्धा.

"खेळा म्हणे!" इला रागाने लाल झाली. "हा माणूस बघायलाच तयार नाही!"

तिघं चडफडत पंपापाशी आले. जहाजाच्या पोटातून उपसलेलं पाणी एका जाड होजमधून खाडीत पडत होतं. जय अचानक थांबला आणि हुंगायला लागला.

"गाईज, इथे स्विमिंग पूलसारखा वास येतोय!"

जय हे म्हणाला म्हणजे त्यात तथ्य असणार. स्वानंदीमावशी त्यांच्या कम्युनिटीच्या पूल कमिटीवर होती आणि क्लोरीन तपासायचं काम तिने हक्काने जयच्या गळ्यात मारलं होतं. कागदी पट्ट्यांची डबी कायम त्याच्या बॅगेत असायची. त्याने एक पट्टी होजच्या पाण्यात धरली. कोपऱ्यातला चौकोन गुलाबी झाला! मग नकुलने दोरीला बाटली बांधून खाडीचं पाणी काढलं. त्यात दुसरी पट्टी बुडवली. ती पांढरीची पांढरीच राहिली!

"खाडीत क्लोरीन नाही. आतल्या पाण्यात आहे," जयचे डोळे चमकले. "म्हणजे आतलं पाणी नळाचं आहे! तळाला भोकबिक काही नाहीये!"

"मग नळ कुठेय?" नकुलने विचारलं. प्रश्न बरोबर होता. घोडं तिथेच पेंड खात होतं.

तिघं गुपचूप कॅप्टनसाहेबांच्या टूरमध्ये घुसले. तोफा झाल्या, कोळशाची कोठारं झाली. मग सगळे वरच्या डेकवरच्या एका पितळी चाकापाशी आले.

"लेडीज अँड जंटलमेन!" डॉयल मिशीवर हात फिरवत म्हणाले. "याच्या बरोबर खाली दारूगोळ्याचं कोठार आहे. कोठाराला आग लागली तर अख्खं जहाज उडणार! म्हणून हे चाक फिरवायचं आणि कोठारात पाणी सोडायचं. अर्थात पाइप केव्हाचे कोरडे पडलेत. फिरवा, बिनधास्त फिरवा!"

पोरंटोरं चाकावर तुटून पडली. ते लोण्यासारखं गरगर फिरलं. टूर पुढे गेली तरी चाक उघडंच राहिलं. संध्याकाळी साफसफाईला येणारा माणूस ते परत आवळून ठेवायचा, इतकंच.

इला मात्र चाकापाशीच थांबली. हे चाक पूर्वी जाम होतं! मागच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत बाबाने आणि तिने किती रविवार घालवून ते सोडवलं होतं! ग्रीस लावलं, घासलं, आणि ते पहिल्यांदा हललं तेव्हा बाबाने तिला उचलून डेकभर नाचवलं होतं.

"कॅप्टन मघाशी म्हणाले ना, या मेमध्ये काँट्रॅक्टरने आग विझवायची नवी लाइन टाकली," जय हळूच बोलत होता. "शहराच्या पाण्याची! त्याने ती जुन्या पाइपलाच जोडून दिली असणार. कोरडा पाइप जिवंत झाला आणि कुणाला पत्ताच नाही! लोक चाक फिरवतात, पाणी कोठारात जातं, तिथून झिरपत तळाला. इला, सापडलं! चल, सांगू या!"

"नको!"

"व्हॉट? का?"

इला चाकासमोर आडवी उभी राहिली. "ते चाक बाबाने सोडवलंय, जय. बाबाने जहाज बुडवलं असं झालं तर? रिपोर्टमध्ये त्याचं नाव आलं तर? त्याची केस अजून अडकलीये. मग त्याला येऊच देणार नाहीत!"

व्हिसा या शब्दापुढे त्यांच्या ओळखीतली मोठी माणसंसुद्धा गार पडत, तिथे पोरांचं काय! नकुलने मात्र आपल्या डब्यातला शेवटचा बेसनाचा लाडू काढला आणि इलाच्या हातात ठेवला. नकुलने लाडू देणं ही साधी गोष्ट नव्हती.

इलाने फोन लावला. बाबाने पहिल्याच रिंगला उचलला.

"सोन्या! आज फोटो नाही आला? मी वाट बघत होतो."

इलाने जोरात नाक ओढलं. "बाबा, समज, तू चांगल्या मनाने काहीतरी केलंस आणि त्यातून घोटाळा झाला. तर ते कुणी सांगावं का?"

"म्हणजे काय, सांगायलाच हवं! मला तर बरंच वाटेल. सांगितलंच नाही तर मी निस्तरणार कसा?" मग तो हळूच म्हणाला, "इलू, रडतेस का? माझी आठवण येते?"

"खूप येते रे," इला म्हणाली.

फोन ठेवून तिने डोळे पुसले. "चला. पण कॅप्टन ऐकायचे नाहीत. त्यांना ऐकवायला लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी टगबोट धक्क्याला लागली. जहाज हलवायच्या परवानगीसाठी बंदराच्या तपासनीस बाईही आल्या होत्या. डॉयल त्यांच्याबरोबर डेकवर उभे होते. आज त्यांच्या मिशाही उतरल्यासारख्या दिसत होत्या. तेवढ्यात किंकाळी ऐकू आली.

"भूत! भूत! नळीत भूत बोलतंय!"

नकुल चाकाशेजारच्या बोलनळीपाशी थयथयाट करत होता. पूर्वी टेलिफोनच्या जागी अशा पितळी नळ्या असत. ही नळी थेट दारूगोळ्याच्या कोठारात जात होती.

"नॉन्सेन्स! माझ्या जहाजावर भूत?" डॉयल तरातरा आले आणि त्यांनी कान नळीला लावला. "काहीही नाहीये इथे!"

"फिरव, जय!" इला ओरडली.

जयने चाक गरकन फिरवलं. डॉयलचे डोळे मोठे झाले. नळीतून खळाळत्या पाण्याचा धो धो आवाज येत होता! जयने चाक उलटं फिरवलं आणि आवाज बंद. परत फिरवलं आणि परत धो धो! तपासनीस बाईंनी डॉयलना बाजूला सारून स्वतः कान लावला.

"हे पाणी येतंय कुठून?" त्या गरजल्या.

मग जयने पट्ट्या दाखवल्या, इलाने फोटो. बाईंनी एकेक फोटो नीट पाहिला. सगळं सांगून झाल्यावर इलाने मोठा श्वास घेतला.

"आणि हे चाक माझ्या बाबाने सोडवलं. यतीन देशकर. मी मदत केली. पण त्याला नव्या लाइनचं माहीत नव्हतं, तेव्हा ती नव्हतीच! प्लीज त्याच्यावर ब्लेम नका टाकू. त्याला परत यायचंय."

कॅप्टन डॉयलनी टोपी काढली.

"तुझ्या बाबाने काम चोख केलं, मुली. जोडलेला पाइप न तपासता मी लोकांना 'फिरवा, फिरवा' म्हणत बसलो! चूक आमची आहे. आणि तुम्ही काल सांगायला आलात तर मी तुम्हाला खेळायला पाठवलं. आय ॲम सॉरी."

लाइन तोडली. कोठाराचं दार उघडून पाणी उपसलं. पाणबुड्यांनी तळ तपासला. पत्रे जुने होते, पण भोक एकही नव्हतं. टगबोट रिकाम्या हाताने परत गेली! 'फेअरहेवन' ताठ उभी राहिली तेव्हा धक्क्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. तपासनीस बाईंनी तिघांशी हात मिळवले आणि म्हणाल्या, "माझ्या ऑफिसात असे तीन लोक हवे होते!" स्वानंदीमावशीने तर तिघांना एकदम कवेत घेतलं आणि धक्क्यावरच्या प्रत्येकाला ऐकवलं की त्या पट्ट्या तिच्या पूल कमिटीच्या होत्या.

गर्दी पांगल्यावर इलाने व्हिडिओ कॉल लावला आणि बाबाला सगळं सांगितलं. भंगाराचं, चाकाचं, सगळं. मग तिने घाबरत घाबरत त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे ते चाक खरंच चालतं?" बाबा ओरडलाच. "शंभर वर्षांचा व्हॉल्व्ह आणि पाणी आलं? अगं इलू, आपण तो खराखुरा चालू केला!" तो हसत सुटला आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

"तारीख आली का रे?" इलाने विचारलं.

"नाही ग अजून."

इलाने फोन आणखी जवळ धरला. तो एवढासा दिसत होता स्क्रीनमध्ये. मागे त्याच्या खोलीतला पंखा फिरत होता.

"जहाज थांबलंय, बाबा," ती म्हणाली. "आता तू ये ना."