बारा बोल्ट आणि निळी फुली

"अरे, पुसतोस काय? घास की! पॉलिश पेपर आहे तो, रुमाल नव्हे!" घोरपड ओरडली.

"घासतोच आहे! माझ्या हाताची सालं निघाली, पण या पलंगाचं एक साल निघेल तर शपथ!" मोजपट्टी कुरकुरला.

सुटीचा तिसरा दिवस होता. मागच्या गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून त्यावर जुना दुमजली पलंग उभा केला होता. दुकानदाराने त्याला चकचकीत तपकिरी रंग फासून दिला होता आणि तिघांनाही तो रंग मुळीच पसंत नव्हता. त्यांना हवा होता आकाशी. पण जुन्या रंगाची चकाकी घासून काढल्याशिवाय नवा रंग धरत नाही, हे मावशीने बजावून सांगितलं होतं. "पलंग माझ्याकडून भेट, कष्ट तुमचे!" असं ती म्हणाली होती. तिने असे सहा पलंग घेतले होते. पाच तिच्या नव्या पाळणाघरासाठी आणि हा सहावा भाचरांसाठी.

घोरपडीचं नाव घोरपड का, हे वेगळं सांगायला नकोच. एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की ही मुलगी सुटत नसे. मोजपट्टी हा तिचा आतेभाऊ, सुटीला आलेला. त्याच्या खिशात टेप, पेन्सिल, दोरा आणि लोहचुंबक कायम असायचे, आणि आल्या दिवशीच त्याने घरातल्या सगळ्या दारांची उंची मोजून टाकली होती. तिसरी पिटुकली, घोरपडीची सात वर्षांची बहीण. तिचं काम एकच होतं. दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचं, "झालं? आता मी वर झोपू?"

"नाही झालं!" दोघे एकदम ओरडले.

तेवढ्यात मोजपट्टीच्या हाताखाली काहीतरी भुरभुरलं. वरच्या चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे ती उभ्या खांबात बसते तिथे, तपकिरी रंगाखालून पांढरी लांबी दिसू लागली. लाकडातल्या भेगा बुजवायला रंगारी भरतात ना, तीच. तो आणखी जोराने घासायला लागला आणि बोराएवढा एक पांढरा गोळा टपकन खाली पडला. मागे राहिलं एक गोल भोक, आणि भोकाशेजारी निळ्या पेन्सिलीची ठळक फुली!

"ही कोणी काढली?" घोरपड वाकून बघू लागली.

"मी वर जाऊन बघते!" म्हणत पिटुकली तोवर शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पोहोचलीसुद्धा!

कर्र्र! वरची चौकट एका बाजूने दोन बोटं खाली सरकली. घोरपडीने क्षणाचाही विचार न करता तिला खांदा लावला.

"उतर! उतर म्हणते ना खाली!"

मोजपट्टीने पिटुकलीला उचलून बाजूला केलं. मग दोघांनी मिळून चौकट पुन्हा वर ढकलली. पिटुकली रडायचंही विसरली होती. घोरपडीने मात्र चौकट पुन्हा एकदा दाबून पाहिली. पिटुकली वर चढून झोपली असती तर?

मोजपट्टीने खिशातून लोहचुंबक काढलं. पहिल्या कोपऱ्यावर ते रंगावरूनही टक्कन चिकटलं. आत बोल्टचं डोकं होतं. समोरच्या कोपऱ्यावरही चिकटलं. पण फुलीच्या कोपऱ्यावर काही केल्या चिकटेना, आणि चौथ्यावरही नाही. चौथा कोपरा त्यांनी घासून पाहिला. लांबी, भोक आणि निळी फुली!

"चारपैकी दोन बोल्ट गायब," मोजपट्टी हळूच म्हणाला. "चौकट नुसत्या लाकडी खाचेवर टेकली आहे."

"आणि मावशीकडचे पाच?" घोरपडीने विचारलं.

पाळणाघर आज दुपारी चार वाजता उघडणार होतं. मावशीने त्यासाठी हातची नोकरी सोडली होती. आई-वडील कामावर असताना तिथे थांबणारी मुलं वरच्या पलंगांवर झोपायला किती उतावीळ झाली आहेत, हे ती आठवडाभर सगळ्यांना सांगत होती.

घोरपड धावत आत गेली. बाबा समारंभाच्या खुर्च्यांसाठी फोनवर बोलत होते. त्यांनी फोनवर हात ठेवून सगळं ऐकलं, म्हणजे अर्धं ऐकलं.

"जुनं सामान आहे, कुरकुरणारच! तुझे आजोबा काय कमी कुरकुरायचे?"

"बाबा, कुरकुर नाही, बोल्टच नाहीत!"

"दुकानदाराने तपासूनच दिले असतील ना? आज मावशीच्या डोक्याला आणखी ताप नको. तिला काही बोलू नकोस हं."

'असतील ना' या दोन शब्दांवर मोठ्या माणसांची निम्मी कामं चालतात. घोरपडीचं मात्र तेवढ्याने भागत नसे. मावशीचा फोन लागेना. मग तिने चपला घातल्या, पिटुकलीला शेजारच्या काकूंकडे सोपवलं आणि मोजपट्टीला ओढतच जुन्या सामानाच्या दुकानात नेलं.

दुकानदाराला अख्खी गल्ली गॅरंटीशेठ म्हणायची. मोडक्या स्टुलापासून आरशापर्यंत कशालाही हात लावला की ते म्हणायचे, "गॅरंटी!" माणूस लबाड नव्हता, पण विकलेली वस्तू वाकून बघायची त्यांना सवयच नव्हती.

"बोल्ट नाहीत?" ते हसले. "पोरांनो, त्या पलंगावर हत्ती झोपवा, हत्ती! गॅरंटी!"

"शेठकाका, आमची पिटुकली हत्ती नाही. तरी चौकट सरकली," घोरपड म्हणाली.

"तुम्ही घासून घासून वाट लावली असेल. मावशीच्या पलंगांना हात लावाल तर खबरदार! ताजा रंग आहे. आणि आज फीत मीच कापणार आहे, मला तयार व्हायचंय."

ते आत गेले. मागच्या अंगणात रंगारीदादा एका कपाटाला लांबी भरत होता. मोजपट्टीने खिशातून तो पांढरा गोळा काढून त्याच्यासमोर धरला.

"माझीच आहे ही," रंगारीदादा अभिमानाने म्हणाला. "भोक दिसलं की भरायचं, हा आपला नियम!"

"पण भोक कशाचं आहे, हे नाही का बघायचं?"

"ते सुताराने बघायचं. मी रंगारी!"

"मग ही निळी फुली?"

"ती सुतारकाकांची. मी म्हटलं, फुलीवाले आधी रंगवायचे असतील. म्हणून लागोपाठ सहाही उरकले!"

घोरपडीने मोजपट्टीकडे पाहिलं. "सुतारकाका कुठे राहतात?"

सुतारकाका दोन गल्ल्या सोडून राहत होते. दारातच ते खुर्ची टाकून बसले होते, एका डोळ्यावर पट्टी. डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले होते. फुलीचं नाव काढताच ते ताठ झाले.

"माझ्या फुलीचा अर्थ एकच. काम अर्धं आहे, हात लावू नका! त्या सहा पलंगांचे दोन-दोन बोल्ट गंजून अडकले होते. ते काढून मी रॉकेलमध्ये बुडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तारीख लागली. पलंग तसेच ठेवलेत ना शेठनी?"

"ते रंगवले. आणि विकलेसुद्धा!" घोरपड म्हणाली.

सुतारकाकांनी आत जाऊन कॉटखालून एक पत्र्याचा डबा ओढला. मोजपट्टीने एकेक करून मोजले. बरोबर बारा बोल्ट!

"फुली बघून कोणीतरी विचारायला येईल, असं धरून चाललो मी," सुतारकाका पुटपुटले. "शेठना तोंडाने सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

"काका, किती वाजले?"

"सव्वातीन."

"आम्ही पुढे पळतो! तुम्ही पाने आणि नवे नट घेऊन सावकाश या!" घोरपड डबा छातीशी धरून धावत सुटली.

पाळणाघराच्या दारात फुगे लागले होते. बाबा खुर्च्या मांडत होते. नवी साडी नेसलेली मावशी एकाच वेळी तीन पाहुण्यांशी बोलत होती. आणि आतल्या खोलीत पंधरा-वीस मुलं पलंगांभोवती घिरट्या घालत होती.

"मावशी, ऐक ना! पलंग—"

"फीत कापून झाली की बोलू हं, राणी!"

"मी काय सांगितलं होतं?" बाबांनी डोळे वटारले.

घोरपडीच्या डोळ्यांत पाणीच आलं. रागाने आलं होतं ते. मोठ्यांना पटवत बसलं तर मुलं वर चढणार. आधी मुलांना खाली ठेवायला हवं! तिने डोळे पुसले आणि आतल्या खोलीत जाऊन मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

"ऐका रे! खेळ आहे, खेळ! प्रत्येक पलंगात चार लोखंडी दात लपले आहेत. हे लोहचुंबक फिरवून शोधायचे. पण शिडीवर ज्याचा पाय पडेल तो बाद! सगळं खाली उभं राहूनच!"

मग काय, मुलांची झुंबड उडाली. चुंबक एकच, त्यामुळे एक मुलगा फिरवी आणि बाकीचे ओरडत. मोजपट्टी पाच पलंगांमध्ये रेफरी होऊन उभा राहिला. पाहुणे कौतुकाने दारात गोळा झाले. गॅरंटीशेठही कडक इस्त्रीचे कपडे घालून येऊन उभे राहिले.

"पहिल्या पलंगाला दोनच दात!" एक मुलगी ओरडली.

"दुसऱ्यालाही दोनच!"

"तिसऱ्यालाही! ताई, तू तर चार म्हणालीस!"

पाचव्या पलंगालाही दोनच निघाले, तेव्हा खोलीतला गलबला आपोआप कमी झाला. घोरपडीने डबा उघडून टेबलावर ठेवला.

"उरलेले दात इथे आहेत. या पाच पलंगांचे दहा आणि आमच्या पलंगाचे दोन. भोकांत नुसती लांबी भरली आहे. आमची चौकट आज दुपारी पिटुकली शिडीवर असताना सरकली."

मावशीचा चेहरा उतरला. तिने शेठकडे पाहिलं.

"छे छे! पोरखेळ आहे हा!" शेठ हसले. "हत्ती झोपवा म्हणतो ना मी!"

"हत्ती कुठून आणू, शेठकाका?" घोरपड म्हणाली. "तुम्हीच चढा ना वर. गॅरंटी आहे की!"

काही पाहुणे हसले. शेठनी ऐटीत शिडीवर एक पाय ठेवला. मग डब्यातल्या बोल्टांकडे पाहिलं. मग वरच्या चौकटीकडे. बराच वेळ त्यांचा दुसरा पाय काही जमिनीवरून उचलला जाईना. शेवटी त्यांनी पहिलाच पाय हळूच खाली घेतला.

"सगळी मुलं अंगणात!" मावशी दाराकडे हात करून ओरडली. "आत्ताच्या आत्ता!"

मुलं बाहेर जाताहेत तोच सुतारकाका धापा टाकत आले. त्यांनी फुलीच्या कोपऱ्याजवळ चौकटीला तळहाताने एक धक्का दिला. कर्र्र! चौकट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली घसरली आणि तिरकी होऊन लोंबत राहिली. बाबांनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

मावशी मटकन बसली. "पहिल्याच दिवशी... मी या मुलांच्या आयांना काय तोंड दाखवलं असतं? आता सगळं रद्द करावं लागणार."

"रद्द कशाला?" घोरपड तिच्यासमोर उभी राहिली. "बोल्ट आहेत, पाने आहेत, सुतारकाका आहेत! काका, किती वेळ लागेल?"

"मला एकट्याला? एका डोळ्याने? उद्या सकाळ उजाडेल. पण इतके हात असतील तर दीड तास."

मावशी उठली, पदर खोचला आणि बाहेर जाऊन पाहुण्यांना सांगितलं, "उद्घाटन सहा वाजता. पलंगात दोष निघाला आहे. तो काढल्याशिवाय मी दार उघडणार नाही." एकही पाहुणा घरी गेला नाही. उलट दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या!

मोजपट्टी प्रत्येक भोकाची जागा मोजून सांगू लागला. घोरपड जुन्या खिळ्याने लांबी उकरू लागली. सुतारकाका बोल्ट बसवून नट आवळत गेले. बोलावणं गेल्यावर रंगारीदादाही खाली मान घालून आला. शेठनी इस्त्रीचे कपडे घामाने भिजेपर्यंत एकेक चौकट खांद्यावर तोलून धरली.

"शेठ, गॅरंटी?" सुतारकाकांनी मध्येच विचारलं.

"आधी तपासतो, मग सांगतो," शेठ म्हणाले.

शेवटचा नट कसून झाल्यावर सुतारकाकांनी घोरपडीच्या हातात पाना आणि तिच्या पलंगाचे उरलेले दोन बोल्ट दिले. "मी चाळीस वर्षं हे काम करतो आहे. तुझ्यासारखी चिकाटी कारागिरांतही क्वचित दिसते. आणि तू रे, मोजपट्टी! माझा डोळा बरा झाला की ये माझ्याकडे, रंधा धरायला शिकवतो."

बाबा घोरपडीजवळ आले. "दुपारी मी अर्धंच ऐकलं, बाळा," ते म्हणाले. "चुकलो मी." तिने त्यांचा हात घट्ट धरला. मोठी माणसं असं म्हणतात तेव्हा त्यांना फार वेळ उभं ठेवू नये, एवढं तिला कळत होतं.

सहा वाजता शेठनी कात्री आपण होऊन घोरपडीच्या हातात दिली. पण मावशीने तिला थांबवलं. पदर खोचून मावशी स्वतः पहिल्या पलंगावर चढली, चारी कोपऱ्यांवर बसून हलून पाहिलं आणि उतरली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. पाचही पलंग होईपर्यंत पाहुणे, आया, मुलं सगळे दारातच उभे होते. मगच फीत कापली गेली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मुलं धावली. फक्त एक लहानगा शिडीपाशी थबकला. त्याने सगळं पाहिलं होतं.

"मावशी, पडणार नाही ना?"

मावशी त्याच्या उंचीला वाकली.

"नाही पडणार," ती म्हणाली. "मी स्वतः पाहिलंय."

आणि तो शिडी चढू लागला.